शुक्रवारचा सौना सोडणारा माणूस

इमात्रा, ऑक्टोबरअखेर

प्रिय यार्को,

रविवारी फोनवर तू म्हणालास, "आई, आठ तारखेच्या आत बॅग भर आणि इकडे वांताला निघून ये, बाकी काही विचारू नकोस." विचारू नकोस? हे तू मला सांगावंस? आख्खी नोकरी रशियाच्या सीमेवरच्या कस्टमच्या चौकीत लोकांना डिक्क्या उघडायला लावण्यात घालवली मी. तुझे बाबा म्हणायचे, लग्नात पाद्रीबाबांनी शपथ सांगितली तेव्हाही ही पुरावा मागते की काय म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता. मी तोंड उघडेपर्यंत तू आणखी दोन घाबरवणारे व्हिडिओ पाठवलेस आणि फोन ठेवलास. म्हणून हे पत्र लिहायला बसले. पत्राला मध्येच तोडता येत नाही, आणि फोनवर बोललेलं आजकाल कुठल्या कुठे जातं याचा मला चांगलाच अनुभव आलाय. दमानं वाच. शेवटी तुझ्याकडे एक काम आहे.

तब्येतीचं म्हणशील तर गुडघा सोडून सगळं ठीक. डोकंही ठिकाणावर आहे, आणि या इमारतीत सध्या असं म्हणता येईल अशी माणसं थोडीच उरली आहेत. तळघरातला तो जाड लोखंडी दाराचा निवारा आठवतो ना? बॉम्ब पडले तर लपायला म्हणून बांधलेला, आणि जन्मभर आपल्या स्की, घसरगाड्या, मोडक्या खुर्च्या सांभाळत बसलेला? तो गेल्या आठवड्यात लोकांनी एकाच दुपारी रिकामा केला. सोसायटीचा अध्यक्ष पेंत्ती हातात बॅटरी घेऊन हुकूम सोडत होता. सीमेवर पहारेकरी होता त्या दिवसांची त्याला आठवण झाली असावी, कारण पोटसुद्धा आत ओढून घेतलं होतं त्यानं. माझ्या खालच्या मजल्यावरच्या राउनीनं वाटाण्याच्या सूपचे इतके डबे आणून ठेवलेत की तिच्या बाल्कनीत आता तिलाच उभं राहायला जागा नाही. लिफ्टमध्ये आम्ही एकमेकांकडे बघत नाही. पूर्वीही बघत नव्हतो म्हणा, पण ते संकोचापोटी होतं. आता ठरवून बघत नाही.

आठ तारखेचं हे प्रकरण मला पहिल्यांदा कळलं ते राउनीकडूनच. फोन हातात धरून धापा टाकत वर आली आणि म्हणाली, "हिल्क्का, आधी खाली बस." मी काही बसले नाही. मग तिनं वाचून दाखवलं. म्हणे हेलसिंकीकडच्या एका मॉलमध्ये एका मुलीला एका रशियन माणसाचं पाकीट सापडलं. ती धावत गेली आणि त्याला देऊन आली. माणूस तिशीतला, दाढीवाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तो हळूच म्हणाला, "पोरी, तू भली आहेस म्हणून सांगतो. आठ तारखेनंतर पूर्वेकडच्या गावांत राहू नकोस. आठ तारखेनंतर काय होईल, देवालाच ठाऊक." मी विचारलं, ही मुलगी कोण? कुणाची? राउनीच्या नातीला तिच्या मैत्रिणीनं पाठवलं होतं, मैत्रिणीला कुणीतरी दुसऱ्यानं. मी म्हटलं, नाव सांग. तर ती चिडली, "अगं, नाव घेऊन काय करायचंय? खरं आहे म्हणून तर सगळे सांगतायत!"

यार्को, ही गोष्ट माझ्याहून वयानं मोठी आहे. युद्धाच्या वेळी माझ्या आजोळच्या शेतावर एक रशियन कैदी कामाला होता म्हणे. मावशीनं त्याला काळ्या पावाचा तुकडा दिला, तर तो कुजबुजला, रविवारी स्टेशनकडे फिरकू नका. माझी आई हे सांगताना आवाज खाली आणायची. रविवार आला आणि गेला, स्टेशन होतं तिथंच राहिलं, पण गोष्ट काही गेली नाही. पुढे अमेरिकेत ते दोन मनोरे पडले, त्या शरदात आमच्या चौकीतल्या कॉफीच्या टेबलावर हीच गोष्ट येऊन बसली. आता माणूस अरब होता, पावाच्या तुकड्याचं पाकीट झालं होतं आणि स्टेशनच्या जागी हेलसिंकीची मेट्रो आली होती. सांगणारा शपथेवर सांगत होता, माझ्या मेहुणीच्या ओळखीतल्या बाईला आलेला अनुभव आहे हा. मी तेव्हाही त्या बाईचं नाव विचारलं होतं, आणि दोन दिवस माझ्याशी कुणी धड बोललं नव्हतं.

मी भोळी आहे असं समजू नकोस. पलीकडच्यांबद्दलचं माझं मत तुला माहीत आहे. समुद्राखालच्या तारा तुटतायत, त्या उंदरांनी कुरतडल्या असं मी म्हणणार नाही, आणि सीमा उगाच बंद केलेली नाही हेही मला कळतं. पण ज्याला खरोखर घातपात करायचा आहे, तो पाकीट परत मिळालं म्हणून वाटेतल्या पोरीला तारीख सांगेल? ज्यांच्या डिक्कीत खरंच काही असायचं ना, ती माणसं माझ्याशी हवामानावर बोलायची. तेव्हा पाकिटाची गोष्ट मी तिथल्या तिथं निकालात काढली. फक्त ते शेवटचं वाक्य मला खुपत राहिलं. देवालाच ठाऊक. आपल्याकडे असं कोण बोलतं? राउनीची नात आणि तिच्या मैत्रिणी तर नाहीच बोलत. बाकी सगळं रचलेलं वाटत होतं, तेवढं एक वाक्य मात्र कुणाच्या तरी तोंडचं वाटत होतं.

आणि मग पेंत्तीनं जिन्यात मला गाठलं. इकडे तिकडे बघून म्हणाला, "तुझ्या समोरच्यानं शुक्रवार सोडलाय." माझ्या समोरचा म्हणजे गेन्नादी, तिसऱ्या मजल्यावर आमची दारं समोरासमोर. आजी फिनिश म्हणून त्याला रशियातून इकडे येऊन राहता आलं, त्यालाही आता तीस वर्षं झाली असतील, पण बोलण्यातला हेल गेला नाही म्हणून या इमारतीत तो कायमचा 'रशियन' राहिला. बायको गेली, मूलबाळ नाही. इमारतीच्या सामायिक सौनात, त्या तापलेल्या लाकडी न्हाणीघरात, प्रत्येक घराला आठवड्यातला एक ठरलेला वार; त्याचा शुक्रवार, संध्याकाळी सात. तुला सांगायला नको, या इमारतीत कुणी आपला वार सोडत नाही. तुझ्या बाबांना शनिवार मिळावा म्हणून किती वर्षं थांबावं लागलं होतं! चौथ्या मजल्यावरची म्हातारी गेली तेव्हा तिच्या भाच्यानं फर्निचरच्या आधी तिच्या बुधवारची चौकशी केली होती. आणि हा माणूस शुक्रवारची सातची वेळ, सगळ्यांत चांगली, अशी सोडून देतो? पेंत्ती म्हणाला, "ज्याला पुढं इथं राहायचंच नाही, तोच असं करेल. त्याला तारीख माहीत आहे, हिल्क्का."

खोटं कशाला सांगू, हे मला पटलं. पाकिटावर माझा विश्वास नव्हता, पण सौनावर होता. मग मी काय केलं असेल? दाराच्या भिंगाला डोळा लावला. जे दिसलं त्यानं संशय वाढतच गेला. गेन्नादीनं सायकल विकली. खिडकीतली सगळी झाडं एका खोक्यात घालून लायब्ररीला देऊन आला. कपाटातलं सामान थोडं थोडं करून खाली नेऊन टाकायला लागला. संध्याकाळी बाल्कनीत उभा राहून फोनवर रशियनमध्ये बोलायचा, तेही इतक्या हळू आवाजात की मी माझ्या बाल्कनीत श्वास रोखून उभी राहिले तरी काही कळेना. जायच्या तयारीतला माणूस मला ओळखता येतो. हा जायच्याच तयारीत होता.

आणि एवढ्या मोठ्या इमारतीत एकानंही त्याला विचारलं नाही. आपली माणसं युद्धाची तयारी करतील, तळघर उपसतील, सूपचे डबे रचतील, पण शेजाऱ्याचं दार वाजवून "का हो, शुक्रवार का सोडलात?" एवढं विचारायचं म्हटलं की त्यांच्या जिवावर येतं. कुणाच्या खासगी गोष्टीत कसं पडायचं! पोलिसांना कळवायला मात्र कुणाला संकोच वाटला नाही. एक दिवस दोन तरुण माणसं साध्या कपड्यांत येऊन त्याच्याकडे बराच वेळ बसून गेली. ती गेल्यावर मी भिंगातून पाहिलं, तर गेन्नादी भिंतीला हात टेकून दारातच उभा होता, आणि आत वळायला त्याला फार वेळ लागला. दुसऱ्या दिवशी त्याच्या दाराच्या टपालाच्या फटीतून कुणीतरी कचरा आत टाकला. तो त्यानं एकेक करून वेचला. ते बघून मला माझीच लाज वाटली, आणि मी वेलदोड्याचे पाव भाजायला घेतले.

दार उघडल्यावर मी आडवळण घेतलंच नाही. "गेन्नादी, स्पष्ट विचारते. शुक्रवार का सोडलात?" तो हसायलाच लागला. म्हणाला, "या इमारतीत आल्यापासून वाट बघतोय, कधीतरी कुणीतरी येऊन मला काहीतरी विचारेल म्हणून. आणि विचारलंत ते हे!" मग त्यानं छातीवर हात ठेवला. हृदयाची झडप गेलीय. डॉक्टरांनी सांगितलंय, सौना बंद, ओझं उचलणं बंद, जिने जपून. आठ नोव्हेंबरला हेलसिंकीत ऑपरेशन. सायकल विकली कारण आता चालवणार कोण? सामान काढलं कारण परत आलो नाही तर दुसऱ्या कुणाला ते उपसायला लागू नये. झाडांचं विचारलं तर जरा ओशाळला. "तुम्हाला द्यावीत असं मनात आलं होतं, पण तुम्ही पाणी घालाल असं वाटलं नाही." मी म्हटलं, बरोबर वाटलं, माझ्याकडे निवडुंगसुद्धा जगत नाही. आणि तो हळू आवाजातला फोन? सीमेपलीकडे, रशियातल्या वीबोर्गला त्याची म्हातारी बहीण आहे. सीमा बंद झाल्यापासून भेट नाही. ती फोनवर रडते, म्हणून तो हळू बोलतो.

मी सुटकेचा श्वास सोडणार, तेवढ्यात तो म्हणाला, "पण आता जात नाही मी. उद्या फोन करून रद्द करतो." मला वाटलं, ऑपरेशनला घाबरला. तसं नव्हतं. म्हणाला, "ती दोन पोरं आली होती ना, चांगली होती. बूट काढून आत आली. आठ तारखेला काय आहे, एवढंच विचारलं. मी दवाखान्याचे कागद दाखवले, तर माफी मागून गेली. पण जिन्यातल्या माणसांना कागद कोण दाखवणार? मी गेलो तर म्हणतील, बघा, तारीख जवळ आली आणि पळाला. मेलो तर म्हणतील, बघा, त्याला माहीतच होतं. त्यापेक्षा इथंच बसतो. नऊ तारखेला सगळ्यांसमोर जिना उतरतो, म्हणजे मिटलं." मी खेकसलेच. म्हटलं, "अहो, पेंत्ती काय म्हणेल म्हणून मरायला निघालात? पेंत्ती! ज्यानं धुक्यात हरणाला घुसखोर समजून हात वर करायला सांगितलं होतं तो?" तो हसला खूप, पण मान नकारार्थीच हलवत राहिला. यार्को, डॉक्टरांनी त्याला सांगितलंय की हा हिवाळा ऑपरेशनशिवाय निघणं कठीण आहे.

त्याच्या परवानगीनं मी राउनीला सगळं सांगितलं. वाटलं, आता तरी साप साप म्हणून भुई धोपटणं थांबेल. राउनीनं ऐकून घेतलं आणि डोळे बारीक केले. "हे त्यानं तुला सांगितलं? आणि तू विश्वास ठेवलास? तू, हिल्क्का?" वर म्हणाली, "का गं, तुमच्या दोघांचं काही चाललंय का?" पेंत्ती म्हणाला, अशा लोकांना कागद कसलेही मिळतात. म्हणजे पाकिटाच्या गोष्टीला नाव नको, गाव नको, पुरावा नको, आणि माणसाच्या फुटक्या हृदयाला मात्र सही-शिक्का असूनही चालत नाही. मी आयुष्यभर संशयाची भाकरी खाल्ली, पण असला संशय मी कधी केला नाही रे. आमचा संशय डिक्की उघडली की संपायचा.

आता तुझ्याकडे येते. त्या दिवशी उठता उठता मी जुन्या सवयीनं गेन्नादीला विचारलं, आठ तारीख तुम्ही कुणाकुणाला सांगितली होती? तो म्हणाला, "बहिणीला. आणि तुमच्या यार्कोला." सप्टेंबरात तू आला होतास तेव्हा लिफ्ट बंद होती, आणि हा बटाट्यांची पिशवी घेऊन पहिल्या मजल्यावर थांबला होता. तू काही न बोलता पिशवी उचललीस आणि वर पोहोचवलीस. तरुण माणसासमोर हृदयाचं रडगाणं कसं गायचं म्हणून तो एवढंच म्हणाला, "माझा शुक्रवार तू घे, मला आता नको. आठ नोव्हेंबरनंतर काय होईल, देवालाच ठाऊक." तू मला एवढंच सांगितलंस की त्यानं एका शुक्रवारपुरता सौना तुला दिलाय, आणि मजेत जाऊनही आलास. मला हे सगळं सांगताना गेन्नादीचा चेहरा उजळला होता. म्हणाला, "चांगला वाढवलाय मुलगा." मला खुपणारं ते वाक्य इथं सापडलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

तू खोटं रचलंस असं मी म्हणत नाही. जेवणाच्या सुट्टीत कुणाला तरी म्हणाला असशील की आमच्या इमारतीतला एक रशियन मला असं असं म्हणाला, विचित्रच वाटलं. पुढच्यानं त्यात पाकीट घातलं, त्याच्या पुढच्यानं मॉल, आणि सत्तरीतला गेन्नादी तिशीतला दाढीवाला झाला. मग ती गोष्ट नटूनथटून राउनीच्या नातीच्या फोनमधून आमच्या जिन्यात परत आली. आम्ही घाबरलो. आणि इमात्रातली माणसं तळघर रिकामं करतायत हे ऐकून तुझी खात्री पटली. तू घाबरलास कारण आम्ही घाबरलो, आणि आम्ही घाबरलो ते तुझ्यामुळे. मला तुझा राग आलाय, यार्को, आणि तो लपवणार नाही. पण तू घाबरलास ते माझ्यासाठी, हेही मला कळतं, त्यामुळे धड रागावताही येत नाही, आणि त्याचाही राग येतो.

वांताला मी येत नाही. पत्र लिहिलं ते एवढं सांगायला नव्हे. काल गेन्नादी स्वतः माझ्या दारात आला. ऑपरेशन रद्द करायला त्यानं फोन केला होता, पण तिकडची नर्स फार गोड बोलली म्हणे, आणि त्याच्यानं नाही म्हणवेना. तर तो जातोय. सात तारखेला दुपारच्या गाडीनं हेलसिंकीला, म्हणजे तुझ्या वांताच्या शेजारीच, पोहोचेल. नर्सनं विचारलं, तुमचं जवळचं कोण? ऑपरेशन झाल्यावर, किंवा काही बरंवाईट झालं तर, आम्ही कुणाला कळवायचं? बहिणीला तिकडून येता येणार नाही. मग म्हणाला, "मी तुमच्या यार्कोचं नाव सांगितलंय. विचारलं नव्हतं त्याला. चालेल का?" अफवेची सुरुवात तुझ्या तोंडून झाली हे मी त्याला सांगितलेलं नाही. ते तू सांगायचंस की नाही, आणि सांगायचंस तर सात तारखेला स्टेशनवर की तो शुद्धीवर आल्यावर, हे तुझं तू ठरव. मी त्याला म्हटलं, चालेल, न चालायला काय झालं. आणि तुझा नंबर दिला. अनोळखी नंबरवरून आलेला फोन तू कधीच घेत नाहीस हे मला माहीत आहे. आठ तारखेला घे.

तुझीच, इमात्रा न सोडणारी,
आई